शिष्याचं श्राद्ध

पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरिअर या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचं एक वार्षिक निघत असे. १९१६ साली त्यात समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी रोबेर हर्ट्झ या आपल्या शिष्यावर मृत्युलेख लिहिला. गुरू साठीकडे झुकलेले, आणि शिष्य गेला तो तेहतिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्याच वार्षिकात दुर्खीम यांनी आणखी एक मृत्युलेख लिहिला. तो आंद्रे दुर्खीमवर होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलावर. आंद्रे वडिलांच्याच विद्यार्थ्यांच्या गोतावळ्यात वाढलेला आणि भाषाशास्त्राकडे वळलेला तरुण होता. १९१५ च्या डिसेंबरात, सर्बियातून सैन्य माघार घेत असताना, जखमी होऊन तो गेला. त्याची पक्की खबर घरी पोचायलाही बराच काळ लागला.

गुरू जातो आणि शिष्य त्याच्यावर लिहितो, ही जगाची रीत. पहिल्या महायुद्धाने ती उलटी करून टाकली. दुर्खीम यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या ‘लाने सोसिओलोजिक’ या वार्षिकाभोवती जमलेल्या मुलांपैकी माक्सिम दाव्हिद, आंतोआन ब्यांकोनी, जाँ रेनिए हेही त्या युद्धात गेले. शिकवून तयार केलेली पिढी डोळ्यांदेखत संपत होती आणि शिकवणारा मागे उरला होता.

आई, वडील, बायको, मुलं यांचं मृताशी नातं काय, हे कुणाला विचारावं लागत नाही. गावालाही आपला जवान म्हणायचा हक्क असतो. शिक्षकाचं तसं नसतं. रक्ताचं नातं नाही, वारसा नाही, सुतक नाही. मग लढाईत मारल्या गेलेल्या शिष्याचं शिक्षक काय देणं लागतो? आणि ते कधी फिटतं? हर्ट्झचं प्रकरण या प्रश्नासाठी मुद्दाम पाहण्यासारखं आहे, कारण मेलेल्या माणसाचं जिवंतांवर काय देणं असतं, याच विषयाचा अभ्यास त्याने आयुष्यात केला होता.

हर्ट्झचा जन्म १८८१ चा, पॅरिसजवळच्या सँ-क्लूचा. घर ज्यू, वडील जर्मनीतून आलेले. तत्त्वज्ञानाच्या ‘आग्रेगासियों’ या अवघड परीक्षेत १९०४ साली तो पहिला आला. त्याच वर्षी त्याचं ॲलिसशी लग्न झालं. मग दोघं लंडनला गेले आणि हा तरुण ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात मिशनऱ्यांचे आणि प्रवाशांचे जुने वृत्तांत उकरत बसला. १९०७ मध्ये ‘लाने सोसिओलोजिक’च्या दहाव्या खंडात त्याचा मृत्यूविषयीचा दीर्घ निबंध छापून आला. तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता.

निबंधाच्या मध्यभागी आहेत बोर्निओ बेटातले न्गाजू दयाक लोक. हर्ट्झ तिथे कधी गेला नव्हता. पण त्याचं वर्णन वाचताना तो त्या घरांतून हिंडून आला असावा असं वाटतं. दयाक माणूस मेला की त्याला लगेच निरोप देत नसत. प्रेत लाकडी पेटीत ठेवून फटी बुजवत. पेटीच्या तळाला भोक पाडून बांबूची नळी बसवत, म्हणजे कुजणाऱ्या देहातून झिरपणारं पाणी खालच्या मातीच्या भांड्यात साठे. आत्मा अजून कुठेच पोचलेला नाही, घराच्या आसपास घुटमळतो आहे, अशी समजूत. तोवर विधवेवर आणि जवळच्या नातलगांवर खाण्यापिण्याचे, कपड्यांचे, लोकांत मिसळण्याचे निर्बंध. हे चाले महिनोन् महिने, सरासरीने दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. कारण शेवटचा सोहळा खर्चिक, त्यासाठी धान्य आणि जनावरं जमवावी लागत. मग ‘तिवाह’ नावाचा तो सोहळा होई. हाडं स्वच्छ करून कोरीव लाकडी घरकुलात पूर्वजांच्या हाडांशेजारी ठेवत. पुरोहित ढोल वाजवत, गात गात आत्म्याला मृतांच्या गावी पोचवत. त्या दिवशी घरच्यांचे निर्बंध सुटत आणि विधवेला दुसरं लग्न करायची मोकळीक मिळे.

हर्ट्झने यातून जे काढलं ते साधं दिसतं, पण त्याआधी कुणी इतक्या नेटाने मांडलं नव्हतं. मरण एका क्षणात उरकत नाही. प्रत्येक माणसात समाजाने स्वतःचा काही अंश गुंतवलेला असतो, आणि तो सोडवून घ्यायला वेळ लागतो. देह, आत्मा आणि मागे राहिलेले लोक, तिघांचा प्रवास बरोबरीने चालतो आणि बरोबरीने संपतो. म्हणून शोकाला शेवट हवा. शोक संपवणं म्हणजे मृताशी बेइमानी नव्हे. मृताला त्याच्या जागी पोचवल्यावरच तो संपतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला नवं शरीर घडवायचं, बाराव्याला सपिंडीकरण करून त्याला पितरांच्या रांगेत बसवायचं, मग घर शुद्ध, हा आपल्याकडचा क्रम त्याच घडणीचा आहे. इंग्रज मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी काशीच्या घाटांवरच्या अंत्यसंस्कारांवर ‘डेथ इन बनारस’ हा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागे हर्ट्झचा निबंध होताच.

पण त्या निबंधाच्या शेवटाकडे काही ओळी अशा आहेत, की पुढचं ठाऊक असलेल्याला तिथे थांबावंच लागतं. काही मृतांना हा क्रम लागू पडत नाही, असं हर्ट्झ नोंदवतो. जे घातपाताने, अपघाताने गेले, बुडाले, ज्यांच्यावर वीज पडली, ज्यांनी जीव दिला, ज्या बाळंतपणात गेल्या. त्यांना घाईने पुरून टाकतात, नेहमीचे विधी करत नाहीत. त्यांचा मधला काळ कधी संपतच नाही, त्यांच्या मृत्यूला शेवट नसतो, असं तो म्हणतो. आठ वर्षांनी तो स्वतः त्या यादीत गेला.

ऑगस्ट १९१४ मध्ये तो राखीव दलातला सार्जंट म्हणून व्हर्दंच्या परिसरात रुजू झाला. तुकडी मागच्या फळीतली होती. तिथे राहिला असता तर कदाचित वाचलाही असता. त्याने पुढच्या फळीत बदली मागून घेतली आणि ३३० व्या पायदळ रेजिमेंटमध्ये गेला. ॲलिसला तो जवळजवळ रोज पत्र लिहीत होता. ती पत्रं पुढे २००२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आपण ज्यू, आपले वडील जर्मनीतून आलेले. तेव्हा आपण या देशाला इतरांपेक्षा जास्त दिलं पाहिजे, म्हणजे आपल्या मुलाला इथे कुणी परका म्हणणार नाही, असं त्याला वाटत होतं. मुलगा आंतोआन तेव्हा पाच वर्षांचा होता.

याच पत्रांतून तो आणखी एक काम करत होता. रेजिमेंटमधली बरीच मुलं मायेन भागातल्या खेड्यांतली. पहाऱ्याच्या लांबलचक तासांत हर्ट्झ त्यांना गावाकडच्या गोष्टी, म्हणी, समजुती विचारी. एखादं पाखरू ओरडतं तेव्हा ते काय म्हणतं असं गावातले लोक मानतात, हे तो लिहून घेई आणि पत्रातून ॲलिसकडे पाठवी. चिखलात उभं राहून, तोफांच्या मधल्या वेळात, हा माणूस पाखरांची भाषा टिपत होता. तो गेल्यावर १९१७ मध्ये हे टिपण एका लोककथाविषयक नियतकालिकात छापलं गेलं. त्याच्या हातून झालेलं अभ्यासाचं शेवटचं काम ते. १३ एप्रिल १९१५ रोजी वोएव्रच्या सपाट मैदानात, मार्शेव्हिल गावावरच्या हल्ल्यात तो मारला गेला.

आता दुर्खीम यांच्याकडे यायला हवं. १९१२ मध्ये त्यांचा धर्मावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यात शोकविधींवर एक प्रकरण आहे. शोक म्हणजे दुखावलेल्या मनाचा आपसूक हुंदका नव्हे, समाज माणसावर जे कर्तव्य घालतो ते शोक, असं त्यात त्यांनी मांडलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल लिहिलेलं हे वाक्य तीन-चार वर्षांत त्यांच्याच घरी चालून आलं. आंद्रे गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांनी त्याचा विषय काढलेला त्यांना चालत नसे. दुर्खीम हे वोझ प्रांताच्या प्रमुख रब्बींचे पुत्र. घराण्यात पिढ्यान् पिढ्या रब्बी. मृतासाठी म्हणायची प्रार्थना आणि शोकाचे ठरलेले दिवस त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. श्रद्धा मात्र तरुणपणीच सुटली होती. जो विधी समाज लावून देतो तो त्यांनी सोडला होता आणि समाजाने नवा काही दिला नव्हता.

त्यांनी कामात स्वतःला बुडवून घेतलं. युद्ध कुणाला हवं होतं, जर्मन मनोवृत्ती कशी आहे, यावर पुस्तिका लिहिल्या. फ्रेंच जनतेला धीर देणारी पत्रं काढणाऱ्या समितीचा भार उचलला. आणि १९१६ मध्ये फ्रान्सच्याच सेनेटमध्ये एका सदस्याने त्यांच्यावर परकीय वंशाचा जर्मन हस्तक असल्याचा आरोप केला. त्याचा निषेध झाला, मंत्र्यांनी पाठराखण केली, पण बाण लागायचा तो लागला. शिष्याने ज्या शंकेचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून मागच्या फळीतून पुढची फळी पत्करली, ती शंका वर्षभरात गुरूच्याच दाराशी उभी राहिली. या पुस्तिका आज अभ्यासकांखेरीज कुणी वाचत नाही, आणि त्यात नुकसान नाही. दुर्खीम यांच्यासारख्या विचारवंताने त्यांत घातलेला वेळ वाया गेला असंच म्हणावं लागतं. मेलेल्या मुलांच्या मरणाला मोठा अर्थ देत राहण्याची धडपड त्यांतून दिसते, आणि ती समजतेही. पण त्या धडपडीने ना मुलांचं काही साधलं, ना वडिलांचं. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी दुर्खीम गेले.

दुसऱ्याच दिवशी, १६ नोव्हेंबर १९१७ रोजी, बेल्जियममध्ये डिक्समुडजवळ जर्मन सैन्यातला एक तत्त्वज्ञ मारला गेला. त्याचं नाव आडोल्फ राइनाख. तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांचा ग्योटिंगेनमधला शिष्य आणि सहकारी, जन्माने ज्यू, वय तेहतीस, म्हणजे हर्ट्झच्याच वयाचा. त्या आठवड्यात हुसर्ल फ्रायबुर्गला युद्धातून आलेल्यांसाठी फिश्टे या तत्त्वज्ञाच्या मानवी आदर्शावर व्याख्यानं देत होते. त्यांचा धाकटा मुलगा वोल्फगांग आदल्या वर्षी, १९१६ च्या मार्चमध्ये, व्हर्दंच्या आघाडीवर गेला होता. खंदकाच्या दोन्ही बाजूंना तेच चाललं होतं.

राइनाख इथे आणायचं कारण तारखांचा योगायोग एवढंच नाही. १९१३ साली, हर्ट्झ आल्प्समधल्या एका सैनिक-संताच्या यात्रेवर लिहीत होता त्याच वर्षी, राइनाखने कायद्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वचन देणं म्हणजे नेमकं काय होतं, हा त्यातला गाजलेला भाग. मनात ठरवणं म्हणजे वचन नव्हे. वचन दुसऱ्याला उद्देशून द्यावं लागतं, त्याच्या कानी पडावं लागतं. ते दिलं की देणाऱ्यावर एक बांधिलकी येते आणि घेणाऱ्याच्या पदरी एक हक्क येतो. ही बांधिलकी मुख्यतः दोन वाटांनी सुटते. एक तर वचन पाळलं जातं, किंवा ज्याला ते दिलं तो म्हणतो, जाऊ दे, मी सोडलं.

मेलेला माणूस ‘सोडलं’ म्हणू शकत नाही. राइनाखच्या मांडणीतून पुढे निघणारी ही गोष्ट शिक्षकाच्या प्रश्नाला थेट भिडते. शिकवणं हे तोंडाने न उच्चारलेलं पण समोरच्याला पुरतं कळलेलं वचन असतं. तू हे काम कर, मी ते वाचीन, तपासीन, पुढे नेईन. मुलगा त्या भरवशावर वर्षानुवर्षं घालवतो. मग तो मारला जातो, अर्धं काम टेबलावर राहतं. त्याच्या घरचे म्हणतील, आता राहू दे. पण सोडायचा हक्क त्यांचा नव्हता.

इथे हर्ट्झ आणि राइनाख एकमेकांसमोर उभे राहतात. हर्ट्झ सांगतो, शोकाला शेवट असला पाहिजे, नाही तर जिवंत माणसं मोकळी होत नाहीत. राइनाखच्या तर्काने पाहिलं, तर मृताचं देणं पाळल्याशिवाय सुटत नाही. दोन्ही खरं असेल तर मार्ग एकच उरतो. शोक आणि देणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. महाराष्ट्रातल्या घरात हा भेद न सांगताच पाळला जातो. सुतक ठरलेल्या दिवशी फिटतं, माणसं कामाला लागतात, घरात लग्नं होतात. पण दर भाद्रपदात वद्य पक्ष आला की ज्यांचं देणं आहे त्यांच्या नावाने पुन्हा पाणी सोडलं जातं. हिंसक मरणाने गेलेल्यांचाही आपल्याकडे विचार झाला आहे. पंचांगात वद्य चतुर्दशीपुढे शस्त्रादिहतांचं श्राद्ध लिहिलेलं असतं. गावोगावच्या वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, असं कोरलेलं असतं. ज्याच्या मृत्यूला शेवट नाही त्याला दगडावर तरी एक शेवट दिलेला. आणि महालयात ज्यांच्यासाठी पिंड द्यायचे त्या यादीत बाप, आजा, मामा, सासरा, गुरू यांच्या मागोमाग शिष्याचंही नाव घेतात. ही बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिष्य आधी जाऊ शकतो, आणि गेला तर त्याचं काही देणं गुरूवर उरतं, हे ती यादी करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

मग ‘देशासाठी देह ठेवला’ या वाक्याचं काय करायचं? हर्ट्झने आपल्या मरणाचा अर्थ स्वतः सांगून ठेवला होता. तो अर्थ खोटा ठरवायचा अधिकार मागे राहिलेल्यांना नाही. त्याने ते जाणतेपणी आणि मनापासून स्वीकारलं होतं. पण त्याने स्वतःविषयी म्हणणं वेगळं आणि त्याच्या शिक्षकांनी, संस्थेने, सरकारने त्याच्याविषयी म्हणणं वेगळं. पहिल्यात एक माणूस आपलं देऊ करतो. दुसऱ्यात इतर लोक त्याच्या वतीने पावती लिहितात. शिवाय बलिदान म्हटलं की सगळं आयुष्य त्या शेवटच्या दिवसावर टांगलं जातं. दयाकांवरचं लिखाण, उजव्या हाताला मान आणि डाव्याला हीनपणा का, हा १९०९ चा निबंध, खंदकातली पाखरं, हे सगळं मार्शेव्हिलच्या वाटेवरचं सामान होऊन बसतं. शिक्षकाला तरी असं चालता कामा नये. त्याने हा मुलगा सैनिक म्हणून ओळखलेला नसतो.

मार्सेल मॉस यांनी हे ओळखलं. ते दुर्खीम यांचे भाचे आणि हर्ट्झचे गुरुबंधू. वयाने नऊ वर्षं मोठे असल्याने शिक्षकाच्या जागी. स्वतः चाळिशी ओलांडल्यावर युद्धात स्वखुशीने गेले होते, इंग्रजी सैन्याबरोबर दुभाषा म्हणून. परत आले तेव्हा गुरू नव्हते, मित्र नव्हते, वार्षिक बंद पडलेलं. १९२५ मध्ये त्यांनी ते नव्याने सुरू केलं, आणि त्याच्या पहिल्या पानांवर गेलेल्यांचं काम नोंदवलं. कोण काय लिहीत होता, किती झालं होतं, काय राहिलं, कुणाकडून काय निघायचं होतं. ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यात उसासे फारसे नाहीत, हिशेब आहे. त्याच अंकात मॉस यांचा देणगीवरचा जगप्रसिद्ध निबंध आहे. दिलेलं परत करावंच लागतं, हे बंधन कुठून येतं, हा त्याचा विषय. मृतांची यादी आणि तो निबंध एकाच जिल्दीत आहेत. त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं म्हणायला मॉस यांचा लेखी आधार लागेल, पण तो नसेल असं मानणं कठीण आहे.

हर्ट्झचं सर्वांत मोठं काम अपुरं होतं. पाप आणि प्रायश्चित्त यांवरचा तो प्रबंध. केलेलं पाप पुसलं जातं म्हणजे काय होतं, समाज क्षमा कशी करतो, असा त्याचा प्रश्न. मॉस यांनी त्याची प्रस्तावना १९२२ मध्ये छापली. निबंधांचा संग्रह १९२८ मध्ये काढला. ॲलिस तोवर हयात नव्हती. आणि १९३० च्या दशकात कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाल्यावर मॉस यांनी पाप आणि प्रायश्चित्त याच विषयावर हर्ट्झच्या कागदांच्या आधारे व्याख्यानं दिली. पन्नाशी उलटलेला, युरोपात नाव असलेला विद्वान वर्गात उभा राहून पंधरा-वीस वर्षांपूर्वी मेलेल्या धाकट्या माणसाचं काम शिकवतो, याला श्राद्धाखेरीज दुसरं काय म्हणायचं?

राइनाखच्या बाबतीत हे काम त्याच्या विद्यार्थ्यांनी आणि मित्रांनी केलं. पत्नी ॲना हिने त्याचे कागद लावायला एडिथ स्टाइन या त्याच्या विद्यार्थिनीला बोलावलं. एडिथ भीत भीत गेली. कोलमडलेली विधवा भेटणार, तिला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. भेटली ती श्रद्धेने सावरलेली बाई. या भेटीने एडिथच्या मनात काहीतरी कायमचं हललं, असं तिनेच पुढे सांगितलं. ती १९२२ मध्ये कॅथलिक झाली, पुढे कार्मेल मठात गेली. ज्यू म्हणून १९४२ मध्ये आउशविट्झला मारली गेली, आणि १९९८ मध्ये चर्चने तिला संतपद दिलं. राइनाखचे संकलित लेख १९२१ मध्ये निघाले. वचन या कृतीचं त्याने केलेलं विश्लेषण इंग्रजी तत्त्वज्ञांना पुढे कितीतरी वर्षांनी नव्याने मांडावं लागलं.

हर्ट्झच्या दोन निबंधांचं इंग्रजी भाषांतर १९६० मध्ये आलं, त्याला मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी प्रस्तावना लिहिली. ते ऑक्सफर्डला अनेक वर्षं या निबंधांवर शिकवत होते. त्यानंतर संशोधक पीटर मेटकाफ बोर्निओला गेले, जिथे हर्ट्झ कधी पोचला नव्हता. बेरावान लोकांमध्ये त्यांनी दुसऱ्या दफनाचा विधी पाहिला आणि त्यांना दिसलं की तो सर्वांसाठी होत नाही, काहींसाठीच होतो. मग सरसकट सर्वांचा मृत्यू दोन टप्प्यांत पुरा होतो, हे हर्ट्झचं म्हणणं जसंच्या तसं टिकत नाही. ज्यांच्यासाठी मोठा विधी होत नाही त्यांचा आत्मा कसा पोचतो, असा नवा प्रश्न मेटकाफ यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात उभा केला, आणि त्याचं उत्तर शोधताना पुन्हा हर्ट्झचाच निबंध ओळीने तपासला.